कपिलीचं निरसं दूध

(यमुनाबाई अमडापूरजवळच्या एका खेड्यात गाई पाळतात. त्यांनी अंगणात बसून सांगितलं, ते त्यांच्याच बोलीत लिहून घेतलं आहे.)

माहा बाप दुसऱ्याच्या गाई राखे, मी त्याच्या मागं मागं, शाळेचं तोंड काही पाह्यलं नाही. लगन होऊन इथं आली त दावणीले चार गाई, सासू म्हणे, हात धू आन् धार काढाले बस. तवापासून बसेलच हाव, बाई. सासूचं एक होतं, घरच्यानं दूध निरसं प्यावं, न तापवता, गाईपाशी उभं राहून, फेस जिरायच्या आत. चुलीवर चढलं की कस गेला म्हणे. गाभणी बाईले त दोन्ही वेळ. मी तसंच पेली, माही सविता तसंच पिऊन वाढली.

सविता एकच लेक. चिखलीले कॉलेजात जाये, येष्टीनं, डब्यात भाकर घेऊन. आमच्या खानदानात पह्यली शिकलेली. पदवीचा कागद आला तवा म्या उलटाच धरला, तिनं सुलटा करून देल्ला आन् हासली.

आता काय सांगू तुमाले, आमच्यात एक रीत हाय. गाय गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आधी गाभ टाकला, त तिचं दूध रतीबाले घालायचं नाही, नैवेद्याले बी नाही. लोकाच्या घरी लेकरं असतात, पाप लागीन. पण दूध लक्षुमी, सांडायचं बी नाही. मग ते घरच्यानं प्यायचं. लोकाले देल्लं नाही याचा मले गर्वच होता, बाई, गर्व.

आमच्या कपिलीनं आठव्या महिन्यात गाभ टाकला. म्या उघड्या हातानं सारं उचललं, राखेनं हात धुतले, झालं. आठ दिवसांनी सविता सासरहून आली, तिले चौथा महिना, उलट्यांनी हैराण. गाभणीपाशी गाभडल्याची गोष्ट काढत नाहीत, म्हणून म्या सांगितलं, वासरू मेलं. आन् कपिलीचं दूध गिलासात धरून तिच्या हाती देल्लं. ती म्हणे, आई, तापवून दे ना वं, कच्च्या दुधात जंतू असतात, आमाले शिकवलं. म्या म्हटलं, तुहं पुस्तक देते का वं दूध? हासली आन् पेली. माह्या मनासाठी पेली ती.

मग तिले ताप आला. संध्याकाळी चढे, सकाळी चादर घामानं ओली, सांधे ठणकत, कंबर धरून बसे. चार दिवस उतरे, पुन्हा येये. म्या मीठ-मिरच्या ओवाळल्या. अशक्त झाली म्हणून दूध वाढवलं. वाढवलं, बाई.

चिखलीच्या दवाखान्यात नेलं. सविताले आतल्या खोलीत सुई टोचत होते, डॉक्टर मले इचारे, घरी जनावरं हायेत का? हाव. दूध तापवूनच पिता ना? हाव म्हटलं. इतक्यात एखादी गाय गाभडली का? पडद्याच्या पल्याड विहीणबाई बसेल होत्या. मनात आलं, यांच्या कानावर गेलं त म्हणतील, मायनंच लेकीले असलं पाजलं. म्या हळूच म्हटलं, नाही.

त्यानं दुसऱ्याच तापाच्या गोळ्या देल्ल्या. घरी येऊन त्याच दिवसापासून म्या दूध उकळू लागली, काऊन ते कोणाले सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी सविताचं लेकरू पोटातच गेलं.

बुलढाण्याच्या डॉक्टरानं तेच इचारलं, तवा सविताच्या खाटेपाशीच म्या गाय गाभडल्याचं सांगून टाकलं. रक्त तपासलं त तोच रोग, जनावराचा, दुधातून आलेला. त्याचं नाव मले अजून धड घेता येत नाही. डॉक्टर म्हणे, आधी कळलं असतं त औषध आधी सुरू झालं असतं, पण लेकरू वाचलंच असतं असं नाही सांगता येत. त्या ‘नाही सांगता येत’वर मी रोज उठते आन् रोज झोपते.

सविताले कितीक आठवडे गोळ्या चालल्या. बरी झाली, आता दोन वर्साची पोरगी हाय तिले. कपिलीलेही तोच रोग निघाला, म्हणून वेगळी बांधली, लिंबाखाली, धार काढत नाही. चारा टाकते आन् साबणानं हात धुते.

सविता कधी रागानं बोलली नाही. कोणी काही म्हटलं त म्हणते, आईले माईत नव्हतं. ते खरंच हाय, पण चिखलीच्या दवाखान्यापर्यंत. तिथं मले इचारलं होतं, हे तिले अजून माईत नाही. किती डाव ओठापर्यंत आलं, आन् ती आई म्हणली की गिळलं.

तुमी लिहून राह्यल्या ना, लिहा. आधी मले वाचून दाखवा, माह्या तोंडचं ते दवाखान्यातलं ‘नाही’ लिहायचं सुटलं त नाही ना, पाहीन. मग सविताले द्या, ती येत्या आठवड्यात नातीले घेऊन येऊन राह्यली. तिले शिकवलं, तिनंच वाचावं. मी चुलीपाशी असीन. वाचून हाक मारली त जाईन. नाही मारली, तरी नातीचं दूध चांगलं उकळून ठेवीन.