लिफुकाला जाणारी बोट

आत्या : तरी सांगत होते, पहाटेच निघा! आता बसा भर समुद्रात डुलत. सामिउ, लिफुकाचं विमान काय तुझ्यासाठी थांबणारेय?

सामिउ : ताई, दोरी ओढतोय मघापासून. इंजिन धरतच नाही.

आत्या : तू सरक, पोरीला बघू दे. सिआले, त्या भेटीच्या चटया ठेव खाली आणि मागे जा.

सिआले : चर्चचे कपडे आहेत, आत्या. तेल लागेल.

आत्या : लागू दे. ऑकलंडला काकू घेईल नवे. तिसरं बाळ झालंय, बिचारीला धड जेवायला फुरसत नाही. तू गेलीस की तिला जरा उसंत मिळेल.

सिआले : राजधानीत, नुकुआलोफाच्या जहाजशाळेत माझं नाव लागलंय. इंजिनाच्या वर्गात. मी एकटीच मुलगी आहे तिथे.

आत्या : तेच म्हणतेय मी, एकटीच मुलगी! अंगभर ग्रीस फासून फिरणार? चार वर्षं काकूची पोरं सांभाळ, मग नर्स हो. आपल्या मुली नर्सच होतात, आणि चांगल्या होतात.

सिआले : बाबा, तुम्ही तर हो म्हणाला होतात.

सामिउ : म्हणालो होतो. ताईला विचारायच्या आधी.

आत्या : भावाच्या लेकरांचं बहिणीनं ठरवायचं, ही रीत काय मी काढली?

सिआले : तुम्हाला काय व्हायचं होतं, आत्या?

आत्या : मला? काहीतरीच विचारतेस. ते इंजिन बघ आधी.

सिआले : पेट्रोलात पाणी गेलंय. हे बघा बाबा, गाळणीत खाली साचलंय.

सामिउ : (हळूच) सिआले, जमत नाही म्हण.

सिआले : काय?

सामिउ : आवाज खाली. जमत नाही म्हण. मी वल्ही मारत घरी नेतो तुला.

सिआले : ती पुढच्या आठवड्यात परत बोटीत बसवेल.

सामिउ : तेव्हाचं तेव्हा बघू.

सिआले : तेव्हा तुम्ही बोलाल तिच्यापुढे? बाबा, वर बघा ना. बोलाल?

सामिउ : ती मोठी बहीण आहे गं माझी.

आत्या : काय कुजबुज चाललीय बापलेकीची? जमतंय का नाही?

सिआले : जमतंय, आत्या. गाळणी साफ केली. ओढा, बाबा. आणखी एकदा. जोरात!

सामिउ : झालं सुरू.

आत्या : देव पावला! गुणाची गं माझी पोर. काकूचं वॉशिंग मशीनसुद्धा तूच दुरुस्त करशील. अगं, रडतेस काय? मी काय तुझी वैरीण आहे? बोल, पुढचं काय दिसतं तुला? ऐकते मी.

सिआले : कालपर्यंत दिसायचं. मोठं जहाज. तळाला इंजिनाची खोली, तिथे मी, कानांवर आवाज अडवणारी ती मोठी झाकणं चढवलेली.

आत्या : आणि आता?

सिआले : आता डोळे मिटले की तुमचाच आवाज येतो.

आत्या : येतो तो. मला अजून माझ्या आत्याचा येतो.