मधला खण

कामिनी : नाना, कपाटाचा हा मधला खण लाल कोणी केला?

चिंधा नाना : हळू बोल पोरी. सोन्याचा वर्ख शे हातात, श्वासानंबी उडतो. पंखा उगाच बंद नाही केला.

कामिनी : वरचा खण निळा, खालचा निळा, दोन्हींवर सोनेरी वेल. आणि मधलाच लालभडक!

चिंधा नाना : तूच फोनवर सांगितलं. मावशीचा निरोप शे, मधला लाल खण तसाच राहू द्या. पाहतो तर तिन्ही खण बठ्ठे निळे. माले वाटलं, आधी लाल असेल, मागून कोणी निळा फासला. निळा खरवडला अन् लाल दिला.

कामिनी : अहो, चोळीचा खण! कापड! माझ्या आजीनं मावशीला दिलेला, मधल्या खणात अंथरलेला!

चिंधा नाना : खणात खण? मग कापड म्हण ना बाई!

कामिनी : कुठंय तो? ब्रश पुसायला तर नाही ना घेतला?

चिंधा नाना : त्याले माझी बनियन शे. खण आत आहे, जागेवर. हातबी नाही लावला.

कामिनी : वाचले! पण मावशीला काय सांगू? ती म्हणाली होती, कपाट जसं होतं तसं उजळून निघालं, तर कामिनी, ते तुझं. एका रेघेचा फरक पडला तर थेट एरंडोलला परत. आणि ती नशिराबाद फाट्यावर उतरलीसुद्धा!

चिंधा नाना : निळा मारून देतो. वाळायला दोन दिवस. तोवर मावशीले फाट्यावर चहा पाजत राहा.

कामिनी : नाना, हसवू नका हो!

चिंधा नाना : घ्या! हसली अन् उडाला वर्ख. नाकावर बसला तुझ्या. जळगावच्या सराफाकडं बी नसेल असा दागिना.

(ताईबाई छत्री मिटत दारात येतात.)

ताईबाई : अगं, नाकाला काय लावलंस? आणि ही काय भट्टी? पंखा लावा कोणी!

कामिनी : नको, नको! मावशी, तू आधी बस. पाणी घे.

ताईबाई : पाणी नंतर. कपाटापुढं अशी आडवी का उभी राहिलीस? सरक.

चिंधा नाना : ताईबाई, घोळ माझा शे. निरोप ऐकला एक, समजलो दुसरं.

ताईबाई : लाल...

कामिनी : परत निळा करून देणार आहेत. हो ना, नाना?

ताईबाई : खबरदार कोणी हात लावला तर! आबांनी हे जुनं कपाट आणून रंगवायला घेतलं, तेव्हा मी हट्ट धरून जेवले नव्हते. माझा खण लाल पाहिजे म्हणून. आबा म्हणाले, कपाट आहे, बैलाची झूल नाही. मग आईनं चोळीचा लाल खण आत अंथरला. म्हणाली, रडू नको, उघडलास की तुला लाल दिसेल.

चिंधा नाना : म्हणजे चुकलो ते बरं झालं?

ताईबाई : बरं झालं. पण वेल राहिली की. ती काढा, आणि सोन्यात हात आखडू नका.

कामिनी : मग कपाट माझं ना, मावशी?

ताईबाई : तुझं कसं? जसं होतं तसं झालं तर, असं ठरलं होतं. हे कुठं तसं आहे?

चिंधा नाना : पकडलं रे पोरीले!

कामिनी : ही शुद्ध लबाडी आहे!

ताईबाई : आहे. कपाट एरंडोललाच येणार. आम्ही तिघी बहिणी, तीन खण. खालचा धाकटीचा, तिच्या नातवांनी खेळणी कोंबलीत त्यात. वरचा तुझ्या आईचा. ती गेल्यापासून मी त्यात काही ठेवलेलं नाही.

कामिनी : मला माहीत नव्हतं.

ताईबाई : माहीत कसं असेल? सकाळी येतेस, दुपारच्या गाडीनं पळतेस. आता दोन साड्या घेऊन ये, आणि ठेवून जा त्यात.