पडलेल्यावर वार नाही

सन २०२४, वैशाखातला उन्हाळा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी त्या वर्षी एका राक्षसाशी लढलो.

कारेलीबागेतल्या आमच्या घरी नात केतकी आठ दिवस त्याच्याशी झुंजत होती. जपानी तलवारबाजीचा संगणकावरचा खेळ, सगळी चित्रं हातानं रंगवलेली. राक्षसाचं तोंड कोल्ह्याचं. तो मरायला टेकला आणि दाराची बेल वाजली. केतकीनं बटणांचा डबा माझ्या हाती दिला.

"आजोबा, हे बटण दाबत राहा."

दाबलं. राक्षस गुडघ्यावर आला. मी थांबलो.

"शुं करो छो, आजोबा? मारा ना!" ती दारातून शाळेतल्या गुजरातीत ओरडली.

"पडलेल्यावर वार करायचा नाही. आखाड्यात उस्तादांनी काठी देण्याआधी हेच शिकवलं."

"तो तुमच्या आखाड्यातला नाहीये!"

नव्हताच. उठला आणि आमचा गडी एका घावात कापला. खेळ पुन्हा पहिल्यापासून. पोरगी रडली.

 दुसऱ्या दिवसापासून ती क्लासला गेली की मी खेळायला बसायचो. राक्षस गुडघ्यावर आला की थांबायचो, उठला की भिडायचो. लाल मातीत उस्ताद मागे उभे आहेत असं वाटायचं. तीन आठवड्यांनी तो उभ्या लढाईत पडला.

केतकी घरी आली. डबा तिच्या हातात दिला.

"घे. तुझा राक्षस मेला. फिटलं."