दोनदा घातलेलं नाव

ईस्टरआधीच्या उपवासाचा, मांस वर्ज्य असलेला मार्चमधला शुक्रवार होता. क्लीव्हलँडच्या चर्चमध्ये तळलेल्या माशासाठी रांग लागली होती. पुलांचे आराखडे करणारी फिलिपिनो मारिसेल रांगेत होती, पण कान पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे होते.

“वॉल्ट, आपल्या कंपनीतल्या क्वांगचं नाव नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत घातलंस ना?”

“घातलं की. चांगलं दोनदा घातलं!”

“दोनदा कशाला?”

“चर्चच्या सोडतीत तू पाच-पाच तिकिटं घेतेस, तेव्हा मी विचारतो का?”

“अरे देवा! एकाच मालकानं एकाच माणसाचं नाव दोनदा घातलं, तर दोन्ही बाद होतात. वकिलानं बजावलं होतं!”

“काय सांगतेस! असा इंजिनियर मला परत कुठे मिळायचा?”

“मग एक काढून टाक. सोमवारपर्यंत मुदत आहे.”

“मासा खातो आणि काढतो.”

“आधी घरी जाऊन काढ. मासा मी आणते.”

म्हातारा धावतच सुटला. मारिसेलचंही नाव याच सोडतीत होतं. तिनं तिथूनच आपल्या मालकाला फोन लावला.

“सर, सोडतीत माझं नाव किती वेळा घातलंत?”

“एकदाच. का गं?”

“काही नाही, सहज.”

“चर्चमध्ये तुझ्या नावाची मेणबत्ती मात्र दोनदा लावली. ते चालतं ना?”