लाइनवरचा पहिला ईमेल

वायफाय दोन मिनिटं गेलं तर शिव्या घालता ना? मग ऐका.

तेव्हा आमच्या दिल्लीच्या सरकारी ऑफिसात इंटरनेटसाठी आयएसडीएनची, म्हणजे फोनच्या तारेवरची, लाइन आली आणि ती चालू करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम टाकायचा होता. ड्रायव्हरची सीडी स्टोअरच्या कपाटात, सीलबंद! स्टोअरवाले शर्माजी म्हणाले, "इन्स्पेक्शन के बिना सील नहीं टूटेगी." इन्स्पेक्शन करणारे अधिकारी महिनाभर रजेवर.

साहेबांना सांगितलं, तर म्हणे, "वो सब मैं नहीं जानता. कल तक चालू चाहिए."

माझा पुण्याच्या बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. गेलो मुकाट्याने पहाडगंजच्या सायबर कॅफेत, ड्रायव्हर फ्लॉपीवर उतरवून आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन चालू करून दिली. साहेब खूश, "शाबाश!"

दुपारी शर्माजींनी लेखी विचारलं, सीडी सीलबंद असताना ड्रायव्हर आला कुठून? साहेबांनी तिथल्या तिथे हात झटकले.

पाच वाजता मला केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब स्क्रीनसमोर वैतागून बसलेले. "देखो भई, ये फाइल मेल के साथ जा ही नहीं रही."

फाइल उघडली. हेड ऑफिसला तक्रार होती, सरकारी कॉम्प्युटरमध्ये बाहेरची फ्लॉपी घातल्याची. खाली दोषी म्हणून माझं नाव.

दिली जोडून. पहिल्या फटक्यात गेली. साहेब थँक यूसुद्धा म्हणाले.

बदलीचं काय झालं म्हणून काय विचारता? पुण्याला गेलो असतो तर आज सरोजिनी नगरात तुम्हाला हा चहा कोणी पाजला असता?