तीनदा पुकारा

सगळे विचारतात, एवढी चाललेली मालिका मध्येच का सोडलीस? चहा घ्या, सांगते.

दिंडोशीच्या कोर्टात मी सरकारी वकील होते, ते तुम्हाला माहीतच आहे. मग टीव्हीवर आले. माझेच जुने खटले आम्ही नावं बदलून दाखवायचो. सेट गोरेगावला. साक्षीदाराचं दार म्हणजे भिंतीवर ठोकलेलं प्लायवूड, त्यावर रंगवलेली कडी. ते उघडायचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी सुलभा परबवाला खटला होता. खऱ्या कोर्टात शिपायाने दाराबाहेर तिच्या नावाचा तीनदा पुकारा केला होता. ती आलीच नाही. दुपारी कळलं, साक्षीला येतानाच तिला ट्रकने उडवलं, जागीच गेली. आरोपी सुटला.

सेटवर शिपाई झालेला नट पुकारा अगदी गुळमुळीत करत होता. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हो रे बाजूला, मी दाखवते." दारापाशी उभी राहिले आणि स्क्रिप्टमधलं 'मीना' राहिलं बाजूला, सवयीने खरं नावच तोंडातून गेलं.

"सुलभा परब, हाजिर हो!" तीनदा.

साउंडवाल्याने हेडफोन काढला. "मॅडम, परत घ्यायला लागेल."

"का रे? माझं काय चुकलं?"

"तुमचं नाही हो. त्या बाई मघापासून 'आले, आले' म्हणतायत ना पलीकडून. दार उघडा की कोणीतरी."