ड्रायवर म्हणून मायं नाव

माया बाप गोंदियाले रेल्वेत गँगमन होता, अन् मी भावाबहिणीत मधली. मराठी सातवी झाली तशी बापानं मले नागपूरले दवाखान्यात मिडवाइफचं शिकाले पाठवलं, तर गल्लीतले लोक त्याले म्हणत, काऊन पाठवून राहिला पोरीले, हाताबाहेर जाईन. तो कोणाचं ऐके नाई. मंग लग्न झालं तिरोड्याकडच्या भाऊरावसंग. तवा भिलाईचा कारखाना उभा राहून राहिला होता, माणसं पाहिजेत माणसं पाहिजेत असा गावोगाव बोभाटा होता, अन् आमच्याकडे एक मुकादम आला. तो म्हणे, मी लावून देतो कामाले, गेटपास काढून देतो, फक्त साहेबाले काही द्या लागते. मी माया पायातले चांदीचे तोडे काढून देल्ले. दुर्गच्या टेसनवर आमाले लिंबाखाली बसवलं, म्हणे पास घेऊन येतो. आमी बसलो, ताई. ऊन उतरलं, गाड्या आल्या, गाड्या गेल्या, तो काही आला नाई. तवापासून माया सभावच असा झाला. कोणी गोड बोललं का मी त्याचे हात पायतो, का हा माणूस काय घेऊन जाऊन राहिला.

काम आमचं आमीच शोधलं. हे रिगर झाले, म्हणजे ते मोठमोठे लोखंडाचे गर्डर वायर-रोपनं वर चढवाचे ना, ते काम. मी दवाखान्यात लागली. सेक्टरमंधी क्वार्टर भेटलं, लाल मुरमाचे रस्ते, झाड नाई पाला नाई, सगळीकडे धूळ. अन् एक दिवस ह्याइचा डावा हात रोपमंधी सापडला. बोटं गेली. नोकरी राहिली, स्टोरमंधी बसवलं, पण हातात पकड राहिली नाई.

आता गाडीची गोठ. मले डूटीबाहेरही बोलवत, जामुलहून बोलवत, कुम्हारीकडून बोलवत, का बाई अडली आहे, चला. बैलगाडीनं जावं तर पोचेपर्यंत जे व्हाचं ते होऊन जाय. एक बाई अशीच गेली, मी रस्त्यातच होती. हे घरी आल्यावर म्हणाले, आपण मोटारगाडी घेऊ. मी म्हटलं, आपण काय साहेब आहो का, अन् चालवन कोण, तुमचा हात असा. तर हे म्हणाले, तू चालव. मले वाटलं ह्याइले कोणी भरवून राहिलं आहे.

शिकवाले सरदारजी भेटले, करतार सिंग, कारखान्यात ट्रक चालवत. त्याइच्या घरी मी दोन्ही बाळंतपणं केली होती. म्हणून ते पैसे घ्याले तयार नाई, अन् त्याच्यानंच मले अजून संशय, का फुकट कोण शिकवते. ते ओळखीच्याची जुनी जीप मांगून आणत, ते बाजूले, हे मांगं, मी समोर, मैदानात चकरा. लुगड्याचा काष्टा घालून बसावं लागे, पाय पुरत नव्हते, तर पाठीशी उशी. पोट्टे पाहून हसत. दुर्गले जाऊन लायसन काढलं तवा तिथला बाबूही मले पाहून, मंग कागद पाहून, मंग पुन्हा मले पाहे.

सुपेल्यात एका दलालाजवळ गाडी होती, जुनी, पण अशी चमके का तोंड पाहून घ्या. आमच्या आवाक्यातली. दलाल म्हणे, बहिनजी, डाक्टरची गाडी आहे, एकाच मालकाच्या हातची. मी तिच्या भोवती फिरली. दवाखान्यातली आमची लाकडी नळी असते ना, पोटाले लावून बाळाचे ठोके ऐकाची, ती माया पिशवीत होती, ती मी बोनेटले लावून ऐकलं. सगळे हसले. अन् खरं सांगू का, मले त्याच्यात काही समजलं नाई, नुसता धडधडाट. पण दलाल जो हसला, तो जरा जास्तच हसला. मंग करतार सिंगनं खिशातून चुंबक काढलं अन् दाराले लावलं. चिपकलं नाई, खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. दाराचं लोखंड गंजानं खाल्लं होतं, आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती अन् वरून रंग. दलाल म्हणे, ते तर थोडंसंच आहे. आमी निघालो.

दुसरी गाडी मुखर्जी साहेबाची, ते बदलीवर कलकत्त्याकडे चालले होते. धुळीनं भरलेली, काळी, एका दिव्याची काच फुटलेली. आता ह्या माणसानं काय केलं, आपल्या तोंडानं गाडीचे दोष सांगाले सुरवात केली. ब्रेक ढिले आहेत, बदलून घ्या. उन्हात पाणी तापते, थांबत जा. मांगचं दार बाहेरून उघडत नाई. मी ह्याइले बाजूले घेऊन म्हटलं, चला इथून, आपला माल कोणी असा हलका करून विकते का, हा लहान लहान सांगून मोठा दोष लपवून राहिला. हे म्हणाले, तुले चमकणारी चालत नाई, धुळीची चालत नाई, मंग पायजेन तरी कशी. करतार सिंगनं चुंबक लावलं, सगळीकडे चिपकलं. इंजन खोलून पायलं. मी म्हटलं, ह्याच्यातही काही असन. तरी घेतली. वर्षभर मी त्या मोठ्या दोषाची वाट पाहिली, जे साहेबानं सांगतलं तेवढंच निघालं.

पण विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाई, तसा कायदाच होता. रायपूरहून एजंट आला, धोटे नावाचा, आपल्याच नागपूरकडचा, सायकलवर, तेल लावून भांग पाडलेला. बसला अन् इचारत सुटला. गाडी कुठं उभी राहते, रस्ते कोणते, चालवते कोण. मले वाटलं हा घराचा ठाव घेऊन राहिला. मी चहासुद्धा मांडला नाई. शेजारच्यानं आमाले आधीच सांगून ठेवलं होतं, का ड्रायवर म्हणून सरदारजीचं नाव टाका, जुना माणूस आहे, हप्ता कमी बसते, नवीन अन् त्यात बाईमाणूस म्हटलं का कंपनी तोंड वाकडं करते. करतार सिंगही हो म्हणाले. पण धोटे पेन ठेवून बसला. म्हणे, चालवणार बाई तुमी, मंग नाव तुमचंच पायजे. उद्या काही झालं अन् कंपनीले समजलं, तर एक दमडी भेटणार नाई, मीही तुमच्यासाठी भांडू शकणार नाई. मी म्हटलं, हप्ता जास्त बसला का तुमचंही कमिशन जास्त बसत असन. तो लाल झाला. म्हणे, बसते बाई, खोटं कशाले सांगू, पण नाव तुमचंच टाका. आता जो माणूस कमिशन बसते म्हणून कबूल करते, त्याले काय म्हणाव. मायं नाव टाकलं, पण मनातून मी म्हटलं, फसवलं.

अन् मंग ते झालं. सकाळची येळ, कुम्हारीकडून बोलावणं, मी निघाली, हे बाजूले बसलेले. समोरून बैलगाडी आपल्या बाजूनं येऊन राहिली होती, अन् तिच्या मांगून एका डंपरनं असा भोंगा वाजवला का बैल बिचकले अन् बैलगाडी आडवी माया समोर. ब्रेक मारला, तरी लागली. बैलगाडीवाला खाली पडला अन् त्याच्याच गाडीच्या चाकात त्याचा पाय गेला. बिसाहू त्याचं नाव, जामुलकडचा. मी माया लुगड्याचा पदर फाडून पाय बांधला, ह्याइनं एका हातानं त्याले उचललं, आमच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. कुम्हारीची बाई तिथल्या दाईजवळच मोकळी झाली, दोघं सुखरूप, ती देवाची कृपा.

आता सगळे मले म्हणत, धोटे काही येत नाई, एजंट हप्ता घेतेपर्यंत असते. माया मनात तर दुर्गचं टेसनच उभं होतं. पण निरोप गेल्यावर तो आला, अंगात ताप होता, मफलर बांधून बसनं आला. पोलिसाकडे गेला, डंपरवाल्याचा पत्ता काढला, कंपनीले लिहिलं. माया लायसनवर मायं नाव, विम्यावरही मायं नाव, म्हणून कंपनीले नाई म्हणता आलं नाई. बिसाहूले भरपाई मंजूर झाली.

भरपाईच्या कागदावर त्याचा अंगठा पायजे होता, तर तो कागद घेऊन आमी बिसाहूच्या घरी गेलो. तो खाटेवर, पायाले पलिस्तर. त्याची बायको दारात उभी, आमाले आत येऊ देईना. बिसाहूनं कागद पायला, माया तोंडाकडे पायलं, अन् म्हणे, मैं अंगूठा नई लगावंव. कारखान्यासाठी त्याच्या सोयऱ्याचं शेत-वावर गेलं होतं, तवाही असाच कागद आला होता म्हणे. धोटे समजवाले लागला, दादा तुझ्या भल्याचं आहे. जितका तो गोड बोले, तितकी त्याची बायको मांगं सरके. मले ती नजर ओळखू आली, ताई, मी रोज आरशात पायत होती. मी धोटेले म्हटलं, तुमी चूप बसा. मंग बिसाहूले म्हटलं, नोको लावू. मीही लावला नसता. हा कागद ठेव, तुया ओळखीच्या माणसाकडून वाचून घे, आमच्यापैकी कोणी तिथं राहणार नाई. वाटलं तर लाव, नाई तर कोर्टात जा, मी कोर्टात जे झालं तेच सांगन.

त्यानं कागद ठेवून घेतला. पुढच्या बाजारी त्यानं निरोप पाठवला, अंगठा लावला म्हणून. तरी पैसे हातात पडेपर्यंत त्याची बायको दवाखान्याच्या फाटकाशी येऊन मी डूटीवर आहे का पाहून जाय. मले राग नाई आला.

पाय जुळला, थोडा आखूड राहिला. मंग पुढं किती वर्षं मी त्या रस्त्यानं गेली, तो दिसे, बैलगाडी बाजूले घेऊन उभा राहे, रामराम करे. लंगडत पायी जाताना दिसला तर मी गाडी थांबवून म्हणे, बैस बिसाहू, सोडून देतो. तो हसे, हात जोडे, म्हणे, तैं जा बाई, म्हणजे तू जा. त्या दवाखान्याच्या दिवसानंतर एकदाही बसला नाई.

आता हे नाईत, गाडी नाई, मले दूरचं दिसत नाई. नेहरू नगरले पोराजवळ राहतो, हायवेचा आवाज रात्रंदिवस. बिसाहू आहे का गेला, कोणी सांगाले नाई. असला तर त्याले उन्हात पायी चालाची पाळी नको येऊ, अन् कोणाच्या गाडीत बसलाच तर ती त्याच्या घरच्या माणसाची असो.